यंदा इंजिन बंद करायचं

३ नोव्हेंबर
यंदा स्नो ब्लोअरचं, म्हणजे बर्फ उडवायच्या मशीनचं, ऑइल वेळेवर बदलायचं. ठरलं म्हणजे ठरलं. कारण निव्वळ तांत्रिक आहे. जुन्या ऑइलवर मशीन थंडीत एकदा बंद केलं, की पुन्हा सुरू व्हायला नखरे करतं. म्हणून शेजारच्या आयलीचा ड्राइव्हवे साफ केल्यावर ती कॉफी देते, ती मला बाहेरच, घरघरत्या मशीनपाशी उभ्यानं प्यावी लागते. ती दारात, मी पायरीखाली. ती बोलते ते ऐकू येत नाही. मी मान हलवतो. माझी बायको लेम्पी वारल्यापासून दर हिवाळ्यात हेच चाललंय.

ऑइल नवं असलं की मशीन बंद करून आत बसता येईल. आत बसायची हौस वगैरे नाही. उभ्यानं पाठ दुखते, एवढंच.

८ नोव्हेंबर
आज बदलणार होतो. पाना सापडेना. सगळं गॅरेज उपसल्यावर खिशात सापडला, पण तोवर मूड गेला.

समोरच्या घरात प्रुइट नावाचा माणूस राहायला आलाय. मोठ्या पुलापलीकडचा, खालच्या मिशिगनचा, जिथे आमच्या निम्माही बर्फ पडत नाही. बॅटरीवर चालणारा स्नो ब्लोअर घेऊन आलाय. म्हणाला, काका, याला ऑइलच लागत नाही. मी म्हटलं, मग ते मशीन नव्हे, मिक्सर. तो हसला. हसू दे. पहिल्याच बर्फात रडेल.

१४ नोव्हेंबर, दुपार
केलं! इंजिन थोडं चालवून गरम केलं, बंद केलं, खालचा बोल्ट काढला. जुनं ऑइल ट्रेमध्ये आलं, काळंकुट्ट. बोल्ट परत घट्ट बसवला. काम झाल्यातच जमा. नवं ऑइल मात्र गॅरेजच्या गारठ्यात काकवीसारखं घट्ट झालेलं. दुसरा कोणी असता तर ओतत बसला असता. मी बाटली सॉनात, आमच्या वाफेच्या न्हाणीत, नेऊन बाकावर ठेवली. उद्या हरणांच्या शिकारीचा पहिला दिवस, आदल्या संध्याकाळी वाफ घ्यायची आमची रीत, त्यामुळे सॉना पेटवायचाच होता. अशा गोष्टींना डोकं लागतं.

संध्याकाळ
बाटलीशेजारी मीही वाफ घेत बसलो. सोबत झाली. मग झोप यायला लागली.

१५ नोव्हेंबर, कॅम्प
पहाटेच निघालो. पूर्वी इथे भाऊ रूडी, त्याचे मेव्हणे, पत्ते, भांडणं. आता रूडी फ्लोरिडात. म्हणतो, दादा, गुडघे साथ देत नाहीत रे. बरंच झालं. शांतता उत्तम. पत्ते एकट्यालाही खेळता येतात. मीच जिंकलो.

१८ नोव्हेंबर, कॅम्प
हरीण दिसलं. त्यानंही माझ्याकडे पाहिलं, चांगलं निरखून. बरं वाटलं. बंदूक उचलायची राहून गेली. वारा प्रतिकूल होता.

२० नोव्हेंबर
घरी परतलो. उद्या मोठा बर्फ, असं रेडिओवर सांगतायत. येऊ दे. माझं मशीन तयार आहे. दमलोय, सॉना नंतर कधीतरी. कपाटातून निळा स्वेटर काढून ठेवला. थंडी आहे म्हणून.

२१ नोव्हेंबर, सकाळी
गुडघाभर पडलाय. प्रुइटच्या खिडकीत दिवा लागला. त्याच्या आधी आयलीकडे पोचायला हवं. निघतो.

२१ नोव्हेंबर, दुपार
पहिल्याच हिसक्यात सुरू झालं. निम्मा ड्राइव्हवे होईतो आवाज बदलला. मग खडखडाट, धूर, आणि ठप्प. दोरी खेचून पाहिली, जागची हलेना. हल्लीच्या कंपन्यांचा मालच टाकाऊ.

आयली दार उघडून बाहेर आली. म्हणाली, अरे आर्वो, थांबलं का एकदाचं ते धूड! चल, आत ये. वेलदोड्याचा पाव आत्ताच भट्टीतून काढलाय.

सगळीकडे शांत होतं. तिचा आवाज कितीतरी दिवसांनी नीट ऐकला. शाळेत होता तसाच आहे.

मी म्हटलं, नको, मशीन बर्फात टाकून चालत नाही. ती म्हणाली, अरे, ते मेलंय! तू तर ये. मी म्हटलं, नंतर बघू.

धूड ओढत घरी आणलं. तत्त्वाचा प्रश्न होता. पाठ पार कामातून गेली. स्वेटर तिला दिसलाच नाही, वर कोट होता.

२२ नोव्हेंबर
मेकॅनिकला फोन केला. त्याचा पहिलाच प्रश्न, ऑइल घातलं होतं ना? मी म्हटलं, गेल्याच आठवड्यात बदललंय, मला शिकवू नकोस. फोन ठेवून दिला. अडाणी लेकाचा.

२४ नोव्हेंबर
पुन्हा बर्फ. सकाळी फावडं घेऊन बाहेर आलो, तर ड्राइव्हवे साफ. आयलीचाही आणि माझाही. कसला आवाजसुद्धा आला नव्हता.

आमच्या गावात न विचारता ड्राइव्हवे साफ करतात तो म्हाताऱ्यांचा आणि विधवांचा. यातला मी कोण, हे प्रुइटनं ठरवलं.

त्याचा मिक्सर आयलीच्या पायरीशी बंद उभा होता. शेजारी त्याचे बूट. तो आत. खिडकीतून तिचे हात हलताना दिसत होते, काहीतरी रंगवून सांगत होती. त्याला सगळं ऐकू येत असणार.

वाईट वाटलं. लिहून ठेवतो, वाचणार कोण आहे.

फार गारठलो होतो, म्हणून सॉना पेटवला. बाकावर बाटली. गच्च भरलेली. झाकणाचं सीलही तसंच.

बराच वेळ तिच्या शेजारी बसून राहिलो. ऑइल आता अगदी पातळ झालंय.