आप्पांच्या बरणीतली गोचिडं

कसबा बावडा, कोल्हापूर
बुधवार, ११ फेब्रुवारी १९९८

तीर्थस्वरूप नेमगोंडामामा,

बावड्याहून तुमच्या भाच्याचा, श्रेणिकचा, वाकून जय जिनेंद्र. मामींचे गुडघे काय म्हणतात? तुमची शुगर उतरली, का अजून लग्नाच्या पंगतीतच फिरतीय? नव्या बोअरला पाणी लागलं असं ऐकलं, गोड आहे का मचूळ ते कळवा. इकडं आम्ही सगळे खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. खरं सांगायचं तर मी हादरलोय. आक्का हादरलीय. (तुमची बहीण हादरली म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. भूकंपात मांडणीवरची भांडी वाजली तेव्हासुद्धा ती 'मांजर असंल' म्हणून कुशीवर वळलेली.) फोनच केला असता, पण आमचा फोन आप्पांच्या खुर्चीच्या हाताशी, आणि कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवरनं बोलायचं म्हणजे बावड्यात दवंडी पिटायची. म्हणून पत्र.

तर मामा, आमच्या मागच्या परड्यात गोचिडं झालीत. कारखान्याचा सीझन चालू झाला की उसाच्या बैलगाड्या आमच्या कुंपणाला लागून उभ्या राहतात, ते तुम्ही बघितलंय. आमचा डिस्को (कुत्रा. नाव मी ठेवलंय, तेव्हा मी अकरावीत होतो, जाऊ दे) दिवसभर त्या बैलांच्या पायात जाऊन बसतो. तिथनंच ही पावणी मंडळी घेऊन आला असणार. आधी त्याच्या कानात एरंडाच्या बीएवढं काहीतरी दिसलं. मला वाटलं, चामखीळ. त्या चामखिळीला पाय फुटले आणि ती चालायला लागली तेव्हा मी जो ओरडलो, तो ऐकून रस्त्यावरचे गाडीवान कुंपणावर चढून बघायला लागले. त्यानंतर भिंतीच्या फटीत गोचिडं, धुण्याच्या दगडाखाली गोचिडं, आणि (हे मामींना वाचून दाखवू नका) आक्कानं पापड वाळत घातले होते त्या धोतरावर एक गोचीड, पापडासारखंच ऊन खात बसलेलं.

आक्कानं लगेच घरगुती उपायांचा धडाका लावला. गवत मुळापासनं कापलं. उसाचं वाळकं वाडं कोपऱ्यात रचलेलं, ते हलवलं. भिंतीच्या फटी चुन्यानं बुजवल्या. कडुलिंबाचा पाला उकळून डिस्कोला आंघोळ घातली आणि वरनं करंजाचं तेल चोळलं. इथवर आप्पा खुश. म्हणाले, "ह्याला म्हनत्यात अहिंसक मार्ग. वास आला की आपसूक जात्यात." गेली की! कुंपणाकडनं निघाली आणि सोप्यात आली. डिस्कोच्या अंगाला आता आयुर्वेदिक दुकानासारखा वास येतो, एवढाच काय तो फरक.

मग शेजारचे हंबीरराव (कारखान्यात काट्यावर असतात, आवाज भोंग्याच्या वरचा) कुंपणावरनं बोलले, "आप्पासाब, तंबाखूचं पानी मारा की! निम्मी जाग्याला उलथतील." आप्पांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. हंबीरराव कसले गप्प बसतात. "बरं, मग चार कोंबड्या सोडतो. येचून येचून खात्यात. तुमी मारायचं न्हाई, बगायचं बी न्हाई." यावर आप्पा विचारात पडले. मामा, आमच्या घरात कोंबडीवर विचार झाला, हाच मला पहिला झटका. शेवटी म्हणाले, "कोंबडी आपल्या पोटासाठी खाती, तिला दोष न्हाई. पन तिला बोलावली कुनी?" हंबीरराव म्हणाले, "मी बोलावली की ओ!" आणि दिल्या सोडून.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघतो तर जिल्हा परिषदेतनं हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेला माझा बाप, म्हणजे तुमचे बापूसो दाजी, पंचा नेसून, हातात छत्री घेऊन परड्यात गोचिडांना राखण करत उभा. कोंबडी पुढं सरकली की फाडकन छत्री उघडायची, ती पळाली की मिटायची. पलीकडनं हंबीररावांच्या मिसेस बोंबलतायत, "अवो आप्पासाब, आमच्या कोंबड्यांनी धसका घेतला, अंडी द्यायच्या बंद झाल्या की!" त्यावर आप्पा शांतपणे म्हणतात, "झालं तर मग. तेवढंच पुण्य." मी तोंड धुवायचं विसरलो.

पण हे काहीच नाही. आता तर आप्पा रोज देवळातनं आले की चष्मा लावून डिस्कोला मांडीवर घेतात, एकेका गोचिडाला खोबरेल लावतात, ते आपणहून सोडेपर्यंत णमोकार म्हणत थांबतात, आणि मग अलगद उचलून बरणीत सोडतात. जिवंत! बरणी म्हणजे आक्काची लिंबाच्या लोणच्याची, चिनी मातीची, तिच्या लग्नात तुमच्या घरनं आलेली. तिच्या तोंडाला पाणी गाळायचं फडकं बांधलंय, आतल्यांना हवा लागावी म्हणून. ऊन सरकलं की आप्पा बरणी सावलीत सरकवतात. दोन दिवस आक्कानं हे बघितलं. मग म्हणाली, "इतक्या वर्सात मला कधी इचारलं न्हाईसा, राजमती, ऊन लागतंय का म्हणून."

बरणी भरल्यावर आप्पा ती लुनाला अडकवून पलीकडच्या माळावर रिकामी करायला गेलते. मला वाटलं, सुटलो. थोड्या वेळानं लुना परत आली, बरणी भरलेली ती भरलेलीच. "तितं नुसता मुरूम. काय खातील ती? उपाशी ठेवून मारायचं म्हंजे मारल्यागतच की." मामा, एम.ए.ला हा प्रश्न नव्हता. तुम्हाला उत्तर सापडलं तर उलट टपाली कळवा.

इथवर मी हसत होतो. परवापासनं हसत नाही. तुम्हाला माहीतच आहे, आप्पा दिवस मावळायच्या आत जेवतात आणि त्यांच्या बरोबर पायरीवर डिस्को. दिवस मावळल्यावर त्याला भाकरी टाकली तर तोही नुसता वास घेतो आणि आप्पांच्याकडं बघतो, खाऊ का नको म्हणून. परवा लख्ख उजेड होता तरी भाकरी तशीच. आप्पांनी दुधात कुस्करून पुढं धरली. तोंड लावलं नाही. आप्पा पण मग तसेच उठले. आप्पांच्या ताटात अन्न राहिलेलं मी जन्मात पहिल्यांदा बघितलं.

जनावरांचे डॉक्टर मृत्युंजय यांना बोलावलं. त्यांनी डिस्कोचा ओठ वर करून हिरडी दाखवली. पांढरीफटक, कागदागत. म्हणाले, "अंगात रक्त ऱ्हायलं न्हाई. गवत, चुना, कडुलिंब, हे समदं गोचिडं व्हायच्या आदी करायचं. आता इंजेक्शन द्यायचं आनि परड्यात औषध मारायचं. उशीर केलासा तर कुत्रं जाईल." आप्पांनी विचारलं, "औषधानं ती कुटं जात्यात?" डॉक्टर सरळ माणूस. "कुटंबी जात न्हाईत. मरत्यात." आप्पा उंबऱ्यावर बसले. म्हणाले, "एकासाठी एवढी?" कुणाला म्हणाले, कळलं नाही. डिस्कोनं तेवढ्यात शेपूट एकदा जमिनीवर आपटलं, आप्पांचा आवाज ऐकून. डॉक्टर इंजेक्शन न देताच बॅग उचलून गेले.

आणि आज सकाळी आप्पांना मार्ग सापडला. तो ऐकून माझ्या हातातला चहा मांडीवर सांडला. सविस्तर लिहायला हात धजत नाही, म्हणून आवरतं घेतो. मामींच्या पाया पडतो. तब्येतीला जपा, पंगतीत जिलबी एकच घ्या.

तुमचाच,
श्रेणिक

ता. क. लिहायला लागणारच. हे पत्र आप्पाच घेऊन येतायत. म्हणजे तुम्ही हे वाचताय तेव्हा ते तुमच्या समोर बसून मामींच्या हातचा चहा पीत असतील. एकदम मान वर करू नका! त्यांच्या पायाशी कापडी पिशवी आहे. पिशवीत ती बरणी. नणंदेनं लोणचं धाडलं म्हणून मामी फडकं सोडायला जातील, त्यांना अडवा. आप्पांचा मार्ग असा: "नेमगोंडाच्या गोठ्यात म्हशी लई हाईत. थोडं थोडं वाटून जाईल, कुनालाच जड न्हाई."

दुसरं ता. क. म्हशी तुम्ही सांभाळालच. माझं खरं काम वेगळं आहे. आप्पांना चार दिवस ठेवून घ्या. बोअर दाखवा, बाहुबलीच्या डोंगरावर दर्शनाला न्या, पाय मुरगळल्याचं सोंग करा, पण सोडू नका. उद्या त्यांची एस.टी. सुटली की डॉक्टर येतायत. इंजेक्शन देणार, परडं फवारून घेणार. आप्पा परत आल्यावर सांगू, कडुलिंबानं गुण आला. आक्काला सगळं माहीत आहे, तिनं देवापुढं आधीच माफी मागून ठेवलीय. मारलेल्यांचं पाप आणि खोटं बोलल्याचं पाप, दोन्ही माझ्या नावावर. पण मामा, ते कुत्रं गेलं तर आप्पा पायरीवर एकटे जेवणार नाहीत. मला त्याची भीती आहे.

तिसरं ता. क. घरातला डिंक संपलाय. पाकीट भाताच्या शितानं चिकटवतोय. काळजी नसावी, दुसऱ्याचं पत्र आप्पा मरतील पण उघडणार नाहीत.

*

नेमगोंडा,

शीत एस.टी.तच सुटलं. शिरोळच्या अलीकडं गाडी पंचर झाली, वाचायला दुसरं काय नव्हतं. पोरगं लिहितं बरं, पन लई लांबवतं. चार दिवसांत गुण येत न्हाई. मी डॉक्टरच्या घरला जाऊन इचारलंय, आठ दिवस लागत्यात. तवा मी आठ दिवस ऱ्हातो. मला काय म्हाईत न्हाई आनि तुलाबी काय म्हाईत न्हाई. बरनीचं काय करायचं ते मला अजून उमगलं न्हाई, तवर तुझ्या म्हशींपास्नं लांब ठेव. आनि डिस्को जेवला का, एवढं रोज बावड्याला फोन लावून इचार. तू इचार. मी बाजूला पेपर वाचत बसतो. पन जरा मोठ्यानं बोल.

बापूसो