कशाला निघाले ते

४ जून २००७, आवडी (चेन्नई)
आजपासून इंग्रजी. सरोजाबाईंकडे, क्वार्टर्सच्या मागच्या गल्लीत. बाई तंजावरकडच्या मराठी, शाळेतून रिटायर. श्रीपेरुंबुदूरच्या एका कंपनीत स्टोअरला माणसं घेतायत, मुलाखत इंग्रजीत. बी.कॉम. होऊन इतकी वर्षं नुसती कणीक मळली, आता बास. घरी बोलले नाही. निघणाऱ्याला 'कुठे' विचारू नये, अपशकुन होतो, ही सासूबाईंची शिस्त. त्यामुळे खोटं बोलावं लागलं नाही.

८ जून
'आय केम फॉर लर्निंग' म्हटलं. बाईंनी विळीकडे बोट दाखवलं. "ती फॉर कटिंग. तू जिवंत माणूस की नाही? टू लर्न म्हण." वस्तू कशासाठी ते फॉरने, माणूस कशाला निघालं ते टूने. घरी येऊन झारा, झाडू, सगळ्यांना फॉर लावून पाहिलं. पटापट जमलं. टू तोंडात बसत नाही.

१५ जून
बाई उत्तर दिल्याशिवाय दारातून आत घेत नाहीत. आजचं:
"कशास आलीस?"
टू लर्न इंग्लिश.
"सरि, बरं. इंग्रजी कशास?"
टू गेट अ जॉब.
"तो कशास?"
पैशांसाठी म्हणणं सोपं होतं, पण ते खरं नाही. आमच्याकडे असं कुणी विचारतच नाही, सवय कुठून असणार. बाईंचा राग आला. मग स्वतःचाच. आता उत्तर घेऊनच परत जाणार.

२१ जून
कंपनीचा फोन. मुलाखत २७ला, एग्मोरच्या एका हॉटेलात. चहा घेताना नवऱ्याला, सु.ला सांगितलं.
"कशाला? काय कमी आहे आपल्याला?"
"कमी काही नाही. मला काम करायचंय."
मराठीत म्हणाले आणि मलाच बरं वाटलं. बाईंना उद्या हेच. सु. म्हणाला, आईला तूच सांग. घातलं त्याने शेपूट.

२६ जून
साडीला इस्त्री झाली. टू वर्क, टू वर्क, पोळ्या लाटताना सुद्धा. सासूबाईंना आज नक्की सांगायचं होतं. तोंड उघडलं आणि आमटी वाढू का विचारलं. भित्री कुठली. पण जाणार म्हणजे जाणार.

२७ जून
चपला घातल्या, "येते" म्हटलं. सासूबाईंनी थांबवलं आणि हातावर दही ठेवलं. भाजीला निघालेल्या बाईला कुणी दही देत नाही.
म्हटलं, "आई, नोकरीच्या मुलाखतीला चाललेय. मला काम करायचंय."
"मी विचारलं का? दही खा आधी."
तिकडे तिघं बसले होते. का यायचंय इथे, पहिलाच प्रश्न. उत्तर थांबून थांबून दिलं, पण माझं दिलं. कळवतो म्हणाले. चेहऱ्यांवरून काही समजलं नाही.
संध्याकाळी सासूबाई भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "त्या कंपनीची बस सकाळी किती वाजता असते?"
"अजून मिळालीय कुठे, आई."
"ते नाही विचारलं मी."