रखवालदार काढ

सोमवार, १४ तारीख
किनारा केंद्र

ती. बाबा,

नमस्कार. गुडघा कसा आहे? आत्या म्हणाली, फिरणं अगदी कमी केलंय तुम्ही. मलम लावता ना, की नुसतं उशाशी ठेवता? मी बरी आहे. वारा फार सुटलाय. खिडक्यांच्या फटींत आम्ही वर्तमानपत्रं कोंबली आहेत, तरी टेबलावरचे कागद उडताहेत.

माझा फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून हे आत्याच्या हाती देते आहे. तिची बस आता येईल. तोवर होईल तेवढं लिहिते.

जहाजांवरचे तुमचे रेडिओ सेट काढून माझे बसवले, तेव्हापासून आपलं बोलणं बंद आहे. माझ्या सेटला वीज पुरवणाऱ्या कन्व्हर्टरला तुम्ही 'थंडोबा' म्हणालात. ते नाव इतकं चिकटलं की इथेही सगळे तेच म्हणतात. तुम्ही चाचणीसाठी घरी आणलेल्या सेटवर आम्ही भावंडं मोजे वाळवायचो, एवढा तो तापायचा. बॅटरीची निम्मी ताकद त्या तापण्यातच जायची. माझा कन्व्हर्टर बोलणाऱ्याचा आवाज जेवढा चढेल तेवढंच व्होल्टेज पुढे सोडतो, म्हणून थंड राहतो आणि बॅटरी पुरते. हे तुम्हाला कळत नव्हतं असं थोडंच आहे! तरी तुम्ही म्हणालात, "समुद्र शांत असेल तेव्हा गोड बोलेल हा. अंगावर आलं की आधी स्वतःचा जीव वाचवेल."

बाबा, तसंच झालं.

सर्वेक्षणाचं जहाज काल वादळात सापडलं. इंजिनखोलीत पाणी शिरलं, जनरेटर बंद पडला, उपग्रहाचा फोनही पाण्यात गेला. "इंजिन बंद आहे, बॅटरीवर आहोत," एवढं केंद्राला ऐकू आलं. जागा सांगायच्या आत आवाज तुटला. त्यानंतर नुसतं 'टक्'. थोड्या वेळाने पुन्हा 'टक्'.

आज सकाळी मला कार्यशाळेतून बोलावून घेतलं. ती टकटक ऐकताच मी ओळखलं. अँटेना तुटली होती. लहरी बाहेर जायच्या ऐवजी उलट सेटकडे परतत होत्या, आणि मी आत बसवलेला रखवालदार, म्हणजे ते संरक्षणाचं सर्किट, कन्व्हर्टर जळू नये म्हणून सेट तत्काळ बंद करत होता. तोंड उघडलं की बंद. दर वेळी.

पण आमचं बोलणं त्यांना ऐकू जात होतं. मी माइक ओढून घेतला.

"अँटेना गेली असेल तर बटण दोनदा दाब."

टक्, टक्.

"तिच्या जागी तार बांधली आहेस?"

टक्, टक्.

"मग ताकद अगदी कमी करून बोल बघू."

तो बोलला असणार. आमच्या कानात नुसती खरखर. एवढ्या लांबून तेवढ्याशा ताकदीने काय पोचणार?

तुमच्या एव्हाना लक्षात आलं असेल. मी ऑपरेटरला अरे-तुरे करते आहे.

हो बाबा. धाकटा आहे तिथे. तुम्हाला वाटतं तसा बंदरातल्या दुकानात तो नाही. गेल्या हंगामापासून जहाजावर आहे. "बाबांना मीच सांगेन, तू मधे पडू नकोस," म्हणाला आणि मी गप्प बसले. त्याच्यासाठी नाही. माझ्या सेटवर मला त्याचाच हात हवा होता.

रखवालदार काढला तर सेट बोलेल, पण जळेल. कधी जळेल, ते मला माहीत नव्हतं. तुम्ही प्रत्येक नव्या रचनेतला एक सेट मुद्दाम जाळून बघायचात आणि घरभर वास सुटला की आई ओरडायची. मी तसं कधी केलं नाही. वाया घालवल्यासारखं वाटायचं. आणि जळला, की मग टक्सुद्धा येणार नव्हतं.

केंद्रप्रमुख बाई म्हणाल्या, "सेट तुझा आहे. तू सांग."

मी सांगितलं. "झाकण उघड. लाल तारेजवळची पट्टी वर उचल. रखवालदार काढ. आधी जागा सांग, दुसरं काही बोलू नकोस. किती टिकेल मला माहीत नाही."

मग त्याचा आवाज आला. अक्षांश, रेखांश, लख्ख ऐकू आले. पुन्हा एकदा तेच. मग, "ताई, चटके बसतायत गं..." आणि संपलं.

बचावनौका निघाली आहे. तेव्हापासून नुसती खरखर ऐकत बसलोय.

आत्या दारातून हाका मारतेय. बातम्यांत ऐकण्याआधी तुम्हाला माझ्याकडून कळावं, म्हणून घाईत लिहिलं. हवं तेवढं रागवा, पण एकटे बसू नका. आत्याला आज ठेवून घ्या.

तुमची मुलगी


मंगळवार, १५ तारीख

बाबा,

सगळी माणसं आली. जहाज गेलं. धाकटा दवाखान्यात आहे, बोलतोय, भूक लागली म्हणतोय.

आता जे फोनवर जमलं नाही ते लिहिते. ती पट्टी वर राहत नव्हती. जहाज हललं की आपोआप खाली बसायची आणि रखवालदार पुन्हा चालू व्हायचा. मीच ती तशी बनवली आहे, कुणाकडून चुकून उघडी राहू नये म्हणून. मग त्याने ती बोटांनी धरून ठेवली. बोलून होईपर्यंत. उजव्या हाताची दोन बोटं वाचतील की नाही, डॉक्टरांना अजून सांगता येत नाही.

काल तुमचा फोन आला, तेव्हा तुम्ही एवढंच विचारलंत, "किती टिकला?" मी रागाने फोन ठेवला. पोरगा समुद्रात आणि यांना सेटची पडलीय, असं वाटलं. मग लक्षात आलं, त्याचा आवाज आम्हाला किती वेळ ऐकू आला, हे तुम्हाला विचारायचं होतं. बाबा, त्याने जागा दोनदा पूर्ण सांगितली, आणि मला हाक मारली. तेवढा टिकला.

तुमचा सेट असता तर बॅटरी कालच्या सकाळपर्यंत पोचली नसती. माझा होता म्हणून त्याचा हात भाजला. मी दोन्हीतलं काहीच कमी करून सांगू शकत नाही, आणि हे ज्याला सांगावं असं तुमच्याशिवाय कुणी नाही.

उद्या सकाळी दवाखान्यात जाते आहे. रस्ता तुमच्या दारावरूनच जातो. गाडी थांबवेन. आलात तर पुढे बसा. नाही आलात तरी त्याला सोडलं की घेऊन परतताना पुन्हा तिथेच थांबणार आहे.

मानलंत तरी आणि न मानलंत तरी,
तुमचीच
थोरली