थकबाकीची हलगी

तीर्थरूप सूर्यभानमामांस,

बेलापूर मुक्कामी भाचा कानिफनाथ याचा पायावर डोकं ठेवून नमस्कार. मामींचा गुडघा, तुमचा खोकला आणि गोठ्यातली नवी गाय, तिघांचं बरं चाललं असेल असं धरून चालतो. इकडे परवापासून मी हसतोय आणि सविता (तुमची सूनबाई) मला ‘हसू नका’ म्हणत स्वतःच हसतेय. मामा, आमच्या लेकीचं, दिशाचं लग्न ठरलं! तुम्ही सुचवलेलं शेवगावकडचं स्थळ पक्कं झालं. कसं, ते जरा लांबून सांगावं लागेल, कारण मध्ये सरकार येतं.

तुमचे मेहुणे, म्हणजे आमचे दादा, जकात नाक्यावर होते, आठवतं ना? ट्रक अडवायचा, पावती फाडायची, की संध्याकाळी गावात दिवे. (इतकं सोपं होतं.) पुढे सरकारने जकात बंद केली, मग सगळीकडे एकच कर आला, आणि पालिकेच्या हातात उरली घरपट्टी आणि वरून येणाऱ्या अनुदानाची वाट. ते अनुदान म्हणजे आपल्याकडचा पाऊस. ढग रोज दिसतात. तोवर घंटागाडी डिझेलविना उभी आणि गल्लीतले दिवे बंद. दिशाचं मागचं स्थळ त्या अंधारानेच घालवलं. मुलाची आई उघड्या गटारात गुडघाभर उतरली आणि पोहे न खाताच परत गेली. पोर रात्रभर रडली. पालिकेच्या वसुलीचा कारकून असून मला दारात एक दिवा लावून घेता येईना, याचं फार वाईट वाटलं.

मग आमच्या नव्या मुख्याधिकारी बाईंनी फर्मान काढलं: थकबाकीदाराच्या दारात हलगी वाजवा, लाजून भरतील. पथकाचा प्रमुख मी. शेवगावचे पाहुणे दिशाला बघायला येणार त्या दिवशी मी रजा टाकली, आणि शिरा की पोहे या घरगुती भांडणात साफ विसरलो की त्याच संध्याकाळी पथकाची पाळी शेजारच्या लंकाबाईंच्या दारी होती. (या बाईंनी जकात गेली तेव्हाच सगळे कर गेले असं मानलं आहे.) तिकडे अंधारात पाहुण्यांची जीप चुकून भलत्याच गल्लीत घुटमळत होती. तेवढ्यात हलगी कडाडली, आणि मंडळी आवाजाच्या रोखाने थेट आमच्या दारात!

मुलाची आजी रंगुबाई जीपमधून उतरली, पदर खोचला आणि नाचायलाच लागली. लंकाबाईंना वाटलं, पट्टी माफ झाल्याची ही मिरवणूक. त्या औक्षणाचं ताट घेऊन धावत आल्या. हलगीवाल्यांना तर आजवर बंद दारंच माहीत. कुणी नाचतंय म्हटल्यावर ते पेटलेच. मी पोह्यांची बशी हातात धरून नाचलो, मामा. दुसरं काय करणार? रंगुबाई धापा टाकत म्हणाली, ‘‘लई मान दिला बया तुमी! आमच्यात कुनाचंच असं स्वागत झालं न्हाई. लग्नात बी हीच हलगी पायजे!’’ पोहे खायच्या आधीच होकार आला. दिशा खिडकीतून बघत पोट धरून हसत होती. तिला तशी हसताना पाहून माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

लग्न मार्चात आहे. मामींना घेऊन दिवसाउजेडी या. गायीला माझी थाप.

आपला भाचा,
कानिफनाथ

ता. क. : लग्नातल्या हलगीचं विचारलं तर मुख्याधिकारी बाई म्हणाल्या, पथक थकबाकीदाराच्याच दारी जाईल. आमची पट्टी भरलेली. तुमचं आमच्या समोरचं बंद घर आहे, त्याची पट्टी तुम्ही दरसाल सवलतीत सर्वांआधी भरता. यंदा एवढी भरू नका. मांडव तिथेच घालू. लग्नानंतर भरा, दंड मी सोसेन.

ता. क. दुसरा : पाकीट चिकटवताना व्याही आदिनाथरावांचा फोन आला. म्हणाले, ‘‘पाव्हणं, हलगी कशाची हुती ते मी तवाच वळखलं. आमच्या बी दारात वाजलीय. पर पट्टी थकवून वर दारात नाचनारा असा बिनघोर व्याही मला कुठं गावायचा न्हाई!’’ मामा, आजवर माझ्यावर एक रुपया थकलेला नाही. पण दिशा समोर उभी होती. मी म्हणालो, ‘‘व्हय, सवयच हाय आमची.’’

त्यांनी विचारलं, तर तुम्हीही तेवढंच सांगा.