तुला आधी कसं कळतं

रत्नागिरी, भाद्रपद, शके १८५६

प्रिय काशी,

अनेक आशीर्वाद. तुझं श्रावणातलं पत्र पोचलं होतं. उत्तर मुद्दामच लिहिलं नाही. मैनेला आता कायमचीच आमच्याकडे राहू द्या, इकडे तिचं औषधपाणी नीट होतं, असं तू किती गोड शब्दांत लिहिलंस! वाचून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ह्यांनी पत्र पुन्हा एकदा वाचलं, काशी म्हणते ते अगदीच चूक नाही असं पुटपुटले आणि काथ्याच्या दुकानात निघून गेले. मग मी ह्यांच्याशीही अबोला धरला. धाकटी जाऊ म्हणून तुला चार शब्द सुनवायचे असं ठरवून कितीदा तरी दौत-टाक घेऊन बसले. पण लिहिणार काय? तू खोटं तर काहीच लिहिलं नव्हतंस.

तीन वर्षांपूर्वी मैनेला हा आजार झाला, तेव्हा मी मुंबईत असायला हवी होते. पोर घागरभर पाणी प्यायची, रात्री अंथरूण भिजवायची, आणि अंगावर मांस म्हणून राहिलं नव्हतं. नेमका त्याच वेळी सासूबाईंचा पाय मोडला. मी इथे त्यांच्या खाटेपाशी अडकले आणि हे पोरीला बोटीने तुमच्याकडे घेऊन आले. इस्पितळातल्या नर्सने इन्सुलिन टोचायला शिकवलं ते तुला. माझ्या पोरीच्या मांडीत पहिली सुई घरात टोचली ती तू. दिवाळीत तू तिला परत घेऊन आलीस, तेव्हा तिने भांग तुझ्यासारखा एका बाजूला पाडलेला होता, आणि उठताबसता काकू असं करते, काकू तसं करते. मी हसून ऐकत होते. आत काय होत होतं ते माझं मला ठाऊक.

मग दर पावसाळ्याचं तेच ठरून गेलं. बोटी बंद झाल्या की औषधाच्या बाटल्या इथे वेळेवर येतील याचा भरवसा नाही, आणि घाटात दरड कोसळली की मोटारही नाही. म्हणून ज्येष्ठापासून चार महिने मैना तुझी, बाकीचे आठ माझे. माझे आठ महिने पथ्यात आणि रडारडीत जायचे, तुझे चार महिने तिच्या तोंडून मी वर्षभर ऐकायचे. आंबे डोळ्यांसमोर असताना तिला नको म्हणायचं ते मी. मुंबईत आंबे संपल्यावर तिला राणीच्या बागेत हत्ती दाखवायला न्यायचं ते तू!

गेल्या मार्गशीर्षात तू आलीस, तेव्हा आपण सगळे भाट्याला समुद्रावर गेलो होतो, आठवतं? मैना वाळूत किल्ला करत होती आणि धाकट्या राहीशी भांडत होती. आपण दोघी सुरूच्या झाडांखाली बसलो होतो. तू तुमच्या शेजारणीची काहीतरी गंमत सांगत होतीस, आणि सांगता सांगता मध्येच उठलीस, धावत गेलीस आणि मैनेच्या तोंडात गुळाचा खडा घातलास. मी विचारलं तर म्हणालीस, तिचा वरचा ओठ पांढरा पडला होता आणि उगाच चिडायला लागली होती, साखर उतरली की ती अशी करते. काशी, मीही तिच्याकडेच बघत होते गं. मला फक्त एक हट्टी पोर दिसत होती. घरी येईपर्यंत मी तुझ्याशी धड बोलले नाही आणि तू समजलीस मला ऊन लागलं.

मग मी आपल्या महिपतराव डॉक्टरांना जाऊन विचारलं, हा रोग आहे तरी काय ते मला समजेल असं सांगा. त्यांनी पाटीवर चित्र काढून दाखवलं. म्हणाले, जठराच्या मागे स्वादुपिंड म्हणून एक अवयव असतो आणि त्याच्यात पेशींची बारीक बारीक बेटं असतात. अंगातलं रक्त त्या बेटांवरून जातं. आपण भात खाल्ला, गूळ खाल्ला, की रक्तात साखर चढते आणि ती त्या पेशींना आपोआप कळते. चढली तेवढंच इन्सुलिन त्या सोडतात, उतरली की हात आखडता घेतात. कुणी सांगावं लागत नाही. कसं कळतं म्हणून विचारलं तर म्हणाले, ते विलायतेतल्या विद्वानांनाही अजून धड उमगलेलं नाही. मैनेची ती बेटंच निकामी झालीत. आता तिचं इन्सुलिन आपण बाहेरून देतो, पण सुईला काही कळत नाही. पोरीने खाल्लं की नाही हे सुई विचारत नाही. एकदा टोचलं की ते आपलं काम करत सुटतं. म्हणून, डॉक्टर म्हणाले, त्या पेशींना जे कळायचं ते आता घरातल्या माणसाला कळलं पाहिजे. मी मान डोलावली आणि माझ्या डोळ्यांपुढे तू आलीस.

म्हणूनच यंदा मी तिला पाठवली नाही. कारण तुला वेगळं कळवलं होतं, सासूबाईंना नात जवळ हवी वगैरे. खरं हे, की मला एक पावसाळा तरी ती माझी हवी होती. शेवटच्या बोटीने बाटल्या मागवून ठेवल्या, त्या ओल्या फडक्यात गुंडाळून माठाखालच्या वाळूत पुरल्या. रोज सकाळी निळ्या औषधात तिची लघवी उकळून रंग बघत होते. निळाच राहिला तर ठीक, विटकरी झाला तर साखर फार. सगळं तू शिकवलंस तसंच. आषाढ गेला, श्रावण गेला, पोर अंगाने जरा भरली. तुझं पत्र आलं तेव्हा मला वाटलं, हिला आता दाखवतेच.

आणि चतुर्थी आली. तुला आपल्या आळीतली रीत ठाऊक आहे. एकच भटजी, घरामागून घर घेत येतात, आणि पूजा होऊन नैवेद्य दाखवल्याशिवाय कुणी पाण्याचा थेंबही घेत नाही. शेजारी गंगुबाईंकडे आरती सुरू झालेली ऐकली. त्यांच्यानंतर आपलंच घर, दरवर्षीचं. म्हटलं, आता अर्ध्या तासात पान वाढेन, म्हणून मी मैनेला सुई दिली. तेवढ्यात खोतांचा माणूस आला आणि भटजींना खालच्या आळीत घेऊन गेला. त्यांच्याकडे कोणी मोठे पाहुणे होते. आम्ही वाट बघत बसलो. उकडीचे मोदक समोर झाकून ठेवलेले, आणि मैना पाटावर मांडी घालून बसलेली. मध्ये एकदा राहीवर खेकसली, मग गप्प झाली. भूक लागली म्हणाली नाही, कारण देवाआधी मागायचं नाही हे मीच तिला शिकवलेलं. आणि मी काय करत होते, सांगू? कौतुकाने बघत होते. मनात म्हणत होते, बघ काशी, तुझे लाड उतरले, आता कशी माझ्या वळणावर आलीय.

ती बसल्या जागी कलंडली. अंग गार, घामाने परकर भिजलेला, दात घट्ट मिटलेले. मी तिला हलवून हाका मारत राहिले, मला दुसरं काही सुचेना. पूजेच्या तयारीतली मधाची वाटी पुढे केली ती सासूबाईंनी. देवाचं आहे, सोवळं आहे, असलं एक अक्षर बोलल्या नाहीत. मी बोटाने मध तिच्या गालाच्या आतून चोळत राहिले, चोळत राहिले. किती वेळ गेला देव जाणे. मग तिने गिळलं. डोळे उघडले, माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, “काकूला कळलं असतं.”

रागाने नाही म्हणाली. नुसतं सांगितलं. काशी, त्या क्षणी पोर वाचली म्हणून मी देवापुढे डोकं टेकायचं, तर माझ्या मनात पहिला आला तो तुझा राग. अशी मी आई! भटजी आले, पूजा झाली, सगळे जेवले. मैनेने दोन मोदक मागितले आणि मी मोजून एकच दिला.

तेव्हापासून विचार करतेय, आणि आज हे पत्र ज्यासाठी लिहितेय ते लिहून टाकते. मैनेला मी तुला देणार नाही. पण पुढच्या आठवड्यात बोटी सुरू होतील म्हणतात, तेव्हा पहिल्या बोटीने ती तुझ्याकडे येईल, आणि तिच्याबरोबर मी येईन. ह्यांची परवानगी मिळाली आहे, सासूबाईंना आणि राहीला कामाची सखू बघेल. मी तुझ्या घरात राहणार. तू मैनेकडे बघ, मी तुम्हा दोघींकडे बघेन. तुला कळलं की लगेच बोलू नकोस, डोळ्यांनी मला खुणाव आणि मला शोधू दे तुला काय दिसलं ते. चुकले तर सांग, हवं तर रागावून सांग, मोठी जाऊ म्हणून भीड धरू नकोस. आणि ज्या दिवशी तुझ्याआधी माझ्या हातातला गूळ तिच्या तोंडात जाईल, त्या दिवशी मी तिला घेऊन घरी निघेन. तिला तुझ्यापासून नेता यावं म्हणून तूच मला शिकव, हे मागणं किती निर्दय आहे ते मला समजतं. तुला मूलबाळ नाही हेही मी विसरलेले नाही. आम्ही परत निघू त्या दिवशी धक्क्यावर तुला माझा मत्सर वाटेल, माझं तोंड बघू नये असं वाटेल. वाटू दे. मी तीन वर्षं तो सोसला आहे, त्याने माणूस मरत नाही.

तुझीच, दुसरा इलाज नाही म्हणून का होईना,
मालनवहिनी