उशीवरची काच

५ फेब्रुवारी

हिचा फोन. बोलली ती दगडांबद्दल. रोपांच्या बुंध्याशी खडी आहे ना, का पावसानं वाहून गेली? उशीवर काच ठेवली का? म्हटलं, ठेवतो. मी कसा आहे हे विचारायचं राहून गेलं असेल.

बहिणीकडे जाऊन बसली आहे, थंडी सुरू व्हायच्या आधीपासून. "चार दिवस जाऊन येते" म्हणाली होती. भांडण नाही, तंटा नाही. दारातून निघताना एवढंच – "या घरात मला श्वास घेता येत नाही हो." मी दुसऱ्याच दिवशी सगळ्या खिडक्या तपासल्या, धुराडं साफ करून घेतलं. मेहुणीला फोनवर तसं सांगितलं तर म्हणे, "भावोजी, जखम मांडीला आणि मलम शेंडीला!" तिला बोलायला काय जातं?

८ फेब्रुवारी

काचेचं दुकान लवकर बंद केलं आणि उशीचं काम हातात घेतलं.

उशी म्हणजे हिच्या दगडांच्या बागेतलं सगळ्यात जुनं रोप. मागच्या अंगणात उतारावर दगड रचलेत, त्यांच्या फटीफटींत हिची रोपं. मी आयुष्यभर त्याला ढिगाराच म्हणत आलो. हिनं आणि लेकानं मिळून वर्षानुवर्षं रचला तो. उशी लावली तेव्हा लेक शाळेतही जात नव्हता आणि ती नखाएवढी होती. आता ताटाएवढी आहे – गोल, हिरवी, घट्ट. वसंतात तिच्यावर इतकी बारीक पांढरी फुलं येतात की हिरवं दिसेनासं होतं. थंडीला ती भीत नाही, भिते ती थंडीतल्या ओलीला. म्हणून वर काच.

ही काय करायची – चार दगड, त्यावर काचेचा तुकडा, काच उडू नये म्हणून वर आणखी एक दगड. चारी बाजू सताड उघड्या! काचवाल्याच्या बायकोच्या बागेत असलं काम. मला दरवर्षी लाज वाटायची. यंदा मी नीट पेटी केली. चार बाजूंना काच, वर झाकण, सगळ्या सांध्यांना पुट्टी. वाऱ्याची काय बिशाद आत शिरायची.

काम झाल्यावर बराच वेळ बघत उभा होतो. ही बघेल तेव्हा म्हणेल काहीतरी.

१९ फेब्रुवारी

क्रोकसचे कोंब वर आले. काल नुसती खडी होती, आज जांभळी टोकं. मी दुकानात न जाता तिथंच उकिडवा बसलो. गुडघ्यांनी नंतर हिशेब चुकता केला.

हिला फोन करून सांगितलं. हसली. किती दिवसांनी! म्हटलं, ये ना बघायला. म्हणाली, "उशी फुलली की येते."

स्वतःहून म्हणाली. मी विनवणी केली नाही.

२३ फेब्रुवारी

पेटीच्या काचांवर आतून वाफ धरली आहे. उशी दिसत नाही. आत ऊब असणार. चांगलंच आहे.

४ मार्च

बुटके आयरिस फुललेत, वीतभरही उंच नाहीत. वरच्या दगडाआड एक लव असलेलं रोप आहे, त्याची जांभळी फुलं मान खाली घालून उभी. त्यांच्या आत बघायचं तर जमिनीला गाल टेकावा लागतो. टेकला. आत पिवळाधमक गोळा! इतकी वर्षं स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघितलं आणि म्हटलं, फुललंय वाटतं काहीतरी.

ही येणार म्हणून पलंगावरच्या चादरी धुतल्या. पेटी उघडली नाही. ती आल्यावर तिच्या हातानंच उघडायची.

११ मार्च

मेहुणीचा फोन. ताई बरी आहे. जेवते, झोपते, संध्याकाळी साडूबरोबर फिरायला जाते. मग म्हणाली, "तिकडच्यासारखी गप्प नसते. लेकाबद्दल बोलत असते. त्याच्या लहानपणच्या गमती सांगते. परवा तर हसून हसून डोळ्यांत पाणी आलं तिच्या."

मी म्हटलं, माझ्याशी तर कधी बोलली नाही.

"भावोजी, तुमच्यासमोर त्याचं नाव काढायची सोय आहे का?"

राग आला. फोन ठेवला.

कोणी बंदी घातली होती? तो गेला त्यानंतर ती विषय काढायची तेव्हा मी एवढंच म्हणायचो, राहू दे, तुला त्रास होईल. आणि उठून जायचो. भेटायला येणाऱ्यांना दारातूनच परत पाठवलं, ते तिला रडू येऊ नये म्हणून. जिन्यावरच्या त्याच्या खोलीला कुलूप लावलं, तेही तिच्यासाठीच. घरात वारं शिरू दिलं नाही. यापेक्षा माणसानं आणखी काय करायचं?

१६ मार्च

उशी गेली.

कळ्या आल्यात का तेवढं बघावं म्हणून झाकण उचललं. आधी वास आला. हिरवं काही नाही, सगळं तपकिरी. बोट लावलं तर आत रुतलं, भिजलेल्या पावासारखं.

मूठभर रुमालात घेऊन तसाच नर्सरीवाल्या बाईंकडे गेलो. त्यांनी चिमटीत घेऊन बघितलं. "कसं झाकलं होतं?"

सांगितलं. पुट्टीसकट सांगितलं.

"अहो, पाऊस वरून पडतो, तेवढ्यापुरती काच. बाजूंनी वारा खेळायला हवा. कोंडली की ही कुजतात."

म्हटलं, मी तर फार जपलं होतं.

"हो, दिसतंय," बाई म्हणाल्या. चिडून नाही.

विचारलं, अशी दुसरी मिळेल का, वाट्टेल ते देतो. त्यांनी मान हलवली. "एवढी विकत मिळत नसते. एवढी होईपर्यंत माणूस म्हातारं होतं."

१७ मार्च

तिला कळवलं नाही. फुललीच नाही, तर ती येणार कशाला?

१८ मार्च

दुकानात एक काच चुकीची कापली. मग दुसरी. बंद करून घरी आलो आणि सगळ्या खिडक्या उघडून बसलो. थंडी वाजली. मेहुणीचं बोलणं डोक्यातून जात नाही.

२० मार्च

हिला फोन करून सांगून टाकलं. पेटी, पुट्टी, वाफ, सगळं.

मग म्हणाली, "बरं." आणि थोड्या वेळानं – "मी येते."

२४ मार्च

आली. मोठी बॅग घेऊन आली.

आधी मागच्या अंगणात गेली. उशी सोडून सगळं फुललेलं. दगडांवरून पिवळं, जांभळं नुसतं ओसंडतंय. उशीपाशी बसली, कुजलेलं हातानंच खरवडून काढलं. एका शब्दानं बोलली नाही मला. मग बाजूच्या दगडावर हात ठेवून म्हणाली, "हा त्यानं आणला होता. पायावर पाडून घेतला आणि तुम्हाला सांगितलं, खेळताना लागलं."

मी सवयीनं उठायला लागलो. गुडघ्यावर हात ठेवून परत बसलो. मग ती बोलतच राहिली. त्याचं खोटं बोलणं, त्याची शीळ, शेवटच्या आजारात नर्सला केलेली चेष्टा. यातलं निम्मं मला माहीत नव्हतं. मी त्याचा बाप. ऊन उतरेपर्यंत आम्ही तिथं होतो. मला रडू आलं आणि तिनं ते येऊ दिलं.

मग आत आलो. उंबऱ्यातच तिचे खांदे वर चढले. चहा केला, कप पुसले, जिन्याकडे पाठ करून बसली. समोर बसून मला तिचा श्वास ऐकू येत होता – छोटा छोटा, वरचेवर. खिडक्या उघड्या होत्या तरी!

"राहते आता," म्हणाली. "तुम्ही तरी एकटे किती दिवस काढणार?"

पूर्ण थंडीभर हेच ऐकायला कान आसुसले होते. ऐकलं, आणि कप तसाच खाली ठेवला.

२६ मार्च

सकाळी हिची बॅग मीच भरली. म्हटलं, "तू इथं राहू नकोस." तिनं बॅगेची चेन ओढून लावली. मग म्हणाली, "ऐकू आलं तुम्हाला." या वेळी तर ती श्वासाबद्दल काही बोललीच नव्हती. स्टँडपर्यंत बॅग मी धरली.