चौदा इंच

बाबा, तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायचा तर थांबावं लागतं. लिहायचं आहे ते फक्त जीपबद्दल. बाकी गोष्टी विरून गेल्या. हे कागद कुठं पाठवायचे नाहीत, हे ठाऊक असूनही लिहून राहिलो, कारण हल्ली गॅरेजात उभं राहवत नाही, आणि बसलो की तीच एक गोष्ट समोर येऊन बसते.

मिलिटरीच्या लिलावातली ती आखूड जीप तुम्ही आणली तेव्हा तिला इंजिनच नव्हतं. तुम्ही तिच्यात डिझेल इंजिन बसवलं, स्प्रिंगचे पाटे बदलले, तिला चांगली वीतभर उंच केली. सौंसरच्या आपल्या गॅरेजपासून रामाकोन्यापलीकडच्या घरापर्यंत, जिथं बस येत नव्हती आणि पावसाळ्यात बैलबंडीही रुतायची, तिथं ती जीप जायची. घराजवळचा नाला उतरला की पलीकडच्या काठावर चढ संपतो तिथं मातीचा उंचवटा होता, दोन्ही बाजूंनी उतरता. बाकी गाड्या तिथूनच परत फिरायच्या. आपली जीप मात्र आखूड होती म्हणून बकरीसारखी ओलांडून जायची. तुम्हाला तिचा अभिमान होता. तुम्ही तो कधी बोलून दाखवला नाही, पण नाला पार झाला की तुम्ही स्टेअरिंगवरचा एक हात काढून मांडीवर ठेवायचे.

ऐंशी सालानंतरची दोन-तीन वर्षं गेली असतील. आंबिया बहाराच्या तोडणीत आई संत्र्याच्या झाडाला लावलेल्या शिडीवरून पडली. पाठीवर पडली आणि पडल्यावर हूं की चूं केलं नाही, नुसती वर झाडाकडे पाहत राहिली. नागपूरच्या डॉक्टरांनी छातीपासून कमरेपर्यंत प्लास्टर घातलं आणि सांगितलं, दर पंधरा दिवसांनी दाखवायला आणा, पण सरळ निजवून आणा, वाकू देऊ नका. सांगणं सोपं होतं. आपल्या जीपमध्ये मागं माणूस आडवा होऊच शकत नव्हता. पहिल्या दोन खेपा आपण तिला तिरकं बसवून नेलं. मी मागं बसून तिला छातीशी धरतो आहे, तुम्ही पहिल्या गिअरवर चालवता आहात, आणि खड्डा आला की आई पदर दातांत धरते आहे. नागपूर येईपर्यंत पदराला भोकं पडायची.

मी म्हटलं, चेसिस कापू आणि जीप लांब करू. तुम्ही म्हटलं, मागून बॉडी वाढवू, चाकं आहेत तिथंच राहू दे. मी म्हटलं, मग आई मागच्या चाकांवर येईल, प्रत्येक खड्ड्याला उडेल. तिला दोन चाकांच्या मधे निजवलं पाहिजे.  तुम्ही हातातला पाना ठेवून म्हणाले, "मधून लांब केली तं नाल्यावर पोट टेकन तिचं. मंग काय करशीन?" आठ-दहा दिवस हेच चाललं. तुमचंही खरं होतं आणि माझंही, म्हणून कोणीच जिंकत नव्हतं. जेवतानाही तेच. आई खाटेवरून ऐकायची. एकदा म्हणाली, "माह्यापायी गाडी नोका कापू. मी बसून जाईन." आपण दोघंही खाली ताटात पाहत राहिलो.

मग तुम्हाला पांढुर्ण्याच्या एका कापसाच्या जिनिंगमधलं इंजिन खोलायला बोलावलं. चार दिवसांचं काम होतं. जाताना तुम्ही हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी मी घरच्या अंगणात जीपखाली शिरलो तर चेसिसवर खडूच्या खुणा. दोन्ही बाजूंना, तुमच्या हाताच्या, तिरप्या कापाच्या, आणि शेजारी आकडा लिहिलेला: चौदा. म्हणजे तुम्ही परवानगी दिली होती, तोंडानं सांगायचं तेवढं ठेवून.

मला त्या आकड्याचा राग आला, बाबा. मी आईला निजवायची कॉट मोजली होती. पूर्ण कॉट मागं बसवायची तर चोवीस इंच लागत होते. मला वाटलं, हा तुमचा हट्ट आहे; द्यायचं तर अर्धंच द्यायचं. तुम्ही असं का लिहिलं असेल, याचा विचार करायला मी दोन मिनिटंही घेतली नाहीत. तेलकट चिंधीनं खुणा पुसल्या आणि चोवीस इंच वाढवली. लोखंडी चॅनल जोडलं, आतून पट्ट्या दिल्या, शाफ्ट सौंसरच्या लेथवर वाढवून घेतला, ब्रेकची नळी बदलली. काम मी चांगलं केलं होतं, हे आजही म्हणेन.

तुम्ही परत आले. जीपभोवती एक फेरी मारली, खाली वाकून पाहिलं, जोडावरून अंगठा फिरवला. चौदाचं काय झालं, हे विचारलं नाही. म्हणाले, "उद्याच घेऊन जाऊ तिले."

दुसऱ्या दिवशी सकाळी आई कॉटवर सरळ निजली होती आणि खड्डे आले तरी तिचे ओठ मिटलेलेच होते. नाल्यापर्यंत मला वाटत होतं की मीच बरोबर होतो. चढावर जीप गेली, पुढची चाकं उंचवट्यापलीकडे उतरली, आणि खालून खर्रकन आवाज आला. पोट टेकलं. मागची चाकं अधांतरी फिरत होती, पुढच्यांना पकड नव्हती. तुम्ही इंजिन बंद केलं. कापूस वेचणारी माणसं वावरातून आली, शेजारचा एक शेतकरी बंडी सोडून आला. आईला उतरवल्याशिवाय गाडी उचलता येत नव्हती. कॉट मागून ओढून काढताना एका बाजूनं कलली, आणि आई ओरडली. शिडीवरून पडली तेव्हाही ती ओरडली नव्हती.

गाडी निघाली, कॉट परत चढवली. सगळे धापा टाकत उभे होते. त्या शेतकऱ्यानं जीपकडे पाहून विचारलं, "मिस्त्री, हे एवढी लांब कोनं केली?"

तुम्ही हात पुसत होता. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "मीच केली," तुम्ही म्हणाले. "माप माह्यंच चुकलं."

मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो, हातात जॅक होता. बोललो नाही.

नागपूरला प्लास्टर कमरेजवळ तडकलेलं निघालं. ते काढून नवीन घातलं, आणि मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू झाली. आईला आणखी तीन महिने निजून काढावे लागले. येताना मी म्हटलं, पुन्हा कापतो, चौदावर आणतो. तुम्ही म्हणाले, "चेसिस काय ऊस हाये, घडीघडी कापाले?" एवढंच. त्यानंतर प्रत्येक खेपेच्या आदल्या दिवशी तुम्ही कुदळ घेऊन नाल्यावर जायचे आणि तो उंचवटा छिलून सपाट करायचे. बंड्या आणि गुरं त्याला पुन्हा आकार द्यायची, तुम्ही पुन्हा जायचे. मी सोबत येतो म्हटलं तर म्हणायचे, गॅरेज पाहा.

अशाच एका दिवशी तुम्ही नाल्यावर होता आणि मी आईला पेज भरवत होतो. ती एकदम हसायला लागली. प्लास्टरमध्ये हसणं तिला दुखायचं, तरी हसत होती. म्हणाली, "पांढुर्ण्याले जायच्या आदल्या दिवशी तुह्या बाबानं मले सुतळीनं मोजलं. डोक्यापासून पायापर्यंत. मी डोळे मिटून होती. मले वाटलं, तिरडीचं माप घेऊन राहिले."

मी वाटी खाली ठेवली. अंगणात जाऊन जीपमध्ये पाहिलं. समोरची डावी सीट काढली असती तर पातळ गादीवर आईचे पाय ड्रायव्हरच्या शेजारी आले असते, आणि आई होतीच ठेंगणी. चौदा इंच पुरले असते. पोट टेकलं नसतं. मी कॉट मोजली, तुम्ही आईला मोजलं. तुम्ही संध्याकाळी मातीनं भरलेले पाय धुवायला बसले तेव्हा मी पाण्याची बादली आणून ठेवली आणि आत गेलो. बोलायचं ते तेव्हाच बोलायचं होतं. उद्या बोलू म्हटलं. मग आई उठून बसली, मग काठी घेऊन चालायला लागली, आणि चालती झाल्यावर ती गोष्ट काढायची गरजच कोणाला राहिली नाही. जीप तशीच लांब राहिली, माणसं आणि संत्र्याच्या पेट्या वाहत राहिली.

चार वर्षांनी तुम्ही गेले, गॅरेजातच, स्टुलावर बसल्या बसल्या. तिसऱ्या दिवशी अंगणात माणसं बसली होती. नाल्यावरचा तो शेतकरीही आला होता. तुमच्या कामाचं कौतुक चाललं होतं, कोणत्या गावाची कोणती गाडी तुम्ही जिवंत केली, हे एकेक जण सांगत होता. तो शेतकरी प्रेमानंच म्हणाला, "जिंदगीत एकच माप चुकलं मिस्त्रीचं. नाल्यावरचं."

बसलेले सगळे थोडं हसले. आई दारात काठी धरून उभी होती, माझ्याकडेच पाहत होती. मी म्हटलं, "हो, तेवढं एकच."